मृत गल्लीतली माणसं

१

दुरुस्ती गल्ली मेल्याची बातमी तिथल्या लोकांना सकाळी दुकानं उघडताना कळली.

गल्लीच्या तोंडाशी जो नवा लोखंडी खांब होता, त्यावर पालिकेची सूचना चिकटवलेली होती. 'वर्दळ नगण्य असल्यामुळे ही गल्ली व्यापारी दृष्टीने मृत ठरवण्यात येत आहे. बाजारवाढ योजनेतून तिला वगळून जागा वाहनतळासाठी घेतली जाईल. हरकत असल्यास गुरुवारच्या सुनावणीत मांडावी.' ही सूचना वाचायला इतकी गर्दी लोटली, की मागच्यांना पुढे सरकता येईना. कुणाच्या हातात बंद पडलेला मिक्सर, कुणाच्या खांद्यावर चेन तुटलेली बॅग.

"वाचून झालं असेल तर वाट द्या हो," मागून एक बाई कावल्या. "मला घड्याळ घेऊन कामावर जायचंय. मेलेल्या गल्लीत एवढी माणसं कशाला उभी केलीत?"

तोंडाशीच, डाव्या हाताला, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मालकिणीने सूचना शांतपणे वाचली, पदराने हात पुसले आणि आपल्या वहिनीला फोन लावला.

"वहिनी, आम्ही मेलो."

"कधी?"

"ते लिहिलेलं नाही. पण शिक्का आहे, म्हणजे मेलोच असणार."

वहिनी हसल्या नाहीत. नणंदेची थट्टा त्यांना नवी नव्हती. थट्टेखालची भीतीही त्यांनी ऐकली. नवरा गेल्यावर या नणंदेने त्याची हत्यारं उचलली होती. बाईमाणूस मशीन उघडणार म्हणून हसणारे पुढे रांगेत उभे राहिले होते. वहिनींनी चपला घातल्या.

जन्मभर त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं, त्यातही जास्त करून प्रयोगशाळेत. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती: आधी बघायचं, मग बोलायचं, आणि बोलल्यावाचून चालत असेल तर तेही टाळायचं. त्या आल्या आणि मान वर करून खांबाच्या टोकावरची राखाडी डबी बघत राहिल्या. पालिकेच्या भाषेत तिचं नाव वर्दळमापक. खालून जाणाऱ्या माणसाच्या अंगाची ऊब तिला कळायची. ऊब रस्त्याकडून आत सरकली की आत एक, आतून रस्त्याकडे सरकली की बाहेर एक.

"बघून काय होणार?" नणंद म्हणाली. "या गल्लीबाहेर मला कोण विचारतं, वहिनी? इथे मी मशीनवाली आहे. बाहेर नुसती एक बाई. खोटं बोलतंय मेलं यंत्र."

"यंत्र खोटं बोलत नाही, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "त्याला दिसतं तेवढंच ते सांगतं. त्याला काय दिसतंय, ते बघायला हवं."

२

व्यवसायवाढ विभाग पालिकेच्या इमारतीत सगळ्यात गार मजल्यावर होता. तिथल्या अधिकाऱ्याला दुरुस्ती गल्ली 'वाढसाहेब' म्हणायची. तरुण माणूस, बाह्या दुमडलेल्या, जीभ गोड. त्याने वहिनींना खुर्ची ओढून दिली.

"राग येणं साहजिक आहे, बाई. पण पूर्वी योजना कुणाला मिळायची? ज्याची वरपर्यंत ओळख, त्याच्या गल्लीला. आम्ही ते मोडलं. आता यंत्र मोजतं. जिथे वर्दळ, तिथे फरशी, दिवे, छप्पर, दुकानदाराला स्वस्त कर्ज. जिथे नाही, ती जागा दुसऱ्या कामाला. मी स्वतः तर तुमच्या गल्लीत मुद्दामच कधी पाऊल टाकलेलं नाही. पाहिलं की मन कुठेतरी कलतं."

हे वहिनींना पटलं, आणि तीच पंचाईत होती. वाटतं ते लिहू नका, मोजा आणि लिहा, हेच त्यांनी मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

"मला आकडे बघायचेत," त्या म्हणाल्या.

त्याने कौतुकाने पडदा त्यांच्याकडे वळवला. आलेखात आधी चांगली भरदार टेकडी होती. मग एकदम कडा. कड्याखाली जमिनीलगत सरपटणारी रेघ, ती थेट आजपर्यंत.

"सुरुवातीला गर्दी दिसतेय," वहिनी म्हणाल्या.

"होती ना. मग नवं महादुकान उघडलं. लोक तिकडे वळले. वाईट वाटतं, पण वाढ म्हणजे हेच."

"महादुकान कोणत्या वारी उघडलं?"

"शुक्रवारी."

वहिनींनी कड्यावर बोट ठेवलं. "ही पडझड मंगळवारी सकाळी झालीये. म्हणजे लोक आधी वळले आणि दुकान मागाहून उघडलं?"

वाढसाहेबाने हसून हात उडवला. "लोकांना कुणकुण लागते, बाई."

"आणि हा आदल्या दिवसाचा सोमवार. सोमवारी गल्ली बंद असते. बाकीच्या सगळ्या सोमवारी रेघ कोरी आहे. या सोमवारी आत दोन, बाहेर कोणीच नाही."

"नवं यंत्र आहे. चुकतं कधीकधी."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, यात माणसाचा हात नाही. यंत्र चुकतं कधी आणि चुकत नाही कधी, ते कोण ठरवतं मग?"

त्याने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. आवाजातला गोडवा तसाच होता, फक्त आता त्याला पाक चढला होता. "खरं सांगू? तुमच्या नणंदबाईंनीच शटरवर हातभर अक्षरात लिहून ठेवलंय, 'आज नाही, उद्या या'. गिऱ्हाईक तरी किती दिवस उद्या येईल?" आपल्या विनोदावर तो एकटाच हसला.

वहिनी जिना उतरल्या. त्यांच्या डोक्यात दोनच माणसं फिरत होती. दुरुस्ती गल्ली एका बाजूने बंद होती. शेवटाला गोदामाची उंच भिंत. आत गेलेला त्याच तोंडातून बाहेर यायला हवा. मग ती दोघं अजून आतच होती, किंवा ती आत असतानाच यंत्राची नजर गेली होती.

दुसरी शक्यता मनात येताच त्या जिन्यातच थांबल्या. कारण यंत्राची नजर आपोआप जाते, तेव्हा ती अशी सुट्टीचा दिवस गाठून जात नाही.

३

दुपारी त्या गल्लीत फिरल्या. फिरल्या म्हणजे प्रत्येक दुकानापुढच्या बाकड्यावर बसल्या आणि समोरच्याला बोलू दिलं.

घड्याळवाल्यांना गल्ली गेल्याचं दुःख नव्हतं, आणि ते लपवायचीही त्यांना गरज वाटली नाही.

"बरं झालं," डोळ्याला भिंग लावून ते म्हणाले. "मुलगी बोलावतेय तिच्याकडे. पालिका जागेचा मोबदला देईल तो घेईन आणि जाईन. तुमच्या नणंदबाईंना सांगू नका हं, त्या माझी मान मुरगाळतील."

"त्यांना ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंय म्हणे, सगळ्या गल्लीला."

"मग अजून मान जागेवर आहे, नशीब."

जो आपला हेतू असा चव्हाट्यावर मांडतो तो चोरून काही करेल, असं वहिनींना वाटेना. शिवाय त्यांचे हात कापत होते. खांबावर चढणं त्यांच्याने झालं नसतं.

गल्लीच्या मध्यावर किल्लीकाकांचं दुकान. किल्लीकाका दुकानदार संघाचे अध्यक्ष. भांडण मिटवायचं असो की पालिकेत अर्ज न्यायचा असो, पुढे तेच. वहिनी पोचल्या तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला झापत होते.

"कुलपात तेल ओतलंत? कुणी सांगितलं होतं? तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, आणि मग तुम्ही माझ्याकडे येता. कुलपाला तेल नाही, पूड घालायची. शिशाची पूड. ही बघा." त्यांनी पेन्सिलीच्या शिशासारखी करडी पूड कुलपाच्या भोकात फुंकली, किल्ली दोनदा फिरवली आणि कुलूप गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं. ते करताना त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला.

"गुरुवारी तुम्ही बोलणार ना संघातर्फे?" वहिनींनी विचारलं.

"बोलून काय उपयोग, बाई? ठरलेलं असतं सगळं."

"कुणी ठरवलेलं?"

"म्हणजे... असं आपण म्हणतो ना." किल्लीकाका पुन्हा कानस घेऊन खाली वाकले. त्यांच्या चिमट्यात किल्ली नव्हतीच.

संध्याकाळी नणंदेने दुकान बंद केलं. खडखडत शटर खाली आलं आणि त्यावर ताज्या पिवळ्या रंगात अक्षरं उमटली: 'आज नाही, उद्या या'.

"हे कधी लिहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"यंत्र बसवल्यावर. म्हटलं योजना येतेय, जरा रंगरंगोटी करावी. का, वाईट दिसतंय?"

"दुकान उघडं असलं की हे दिसत नाही."

"शटर वर गुंडाळलेलं असतं, कसं दिसेल? ऐन दिवसा दिसतं ते फक्त सोमवारी." नणंद हसली. "आणि सोमवारी बघायला इथे येतंय कोण?"

वहिनी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दुकानाचं तोंड गल्लीच्या आतल्या बाजूला होतं; रस्त्यावरून शटरची कडसुद्धा दिसत नव्हती. त्या पुन्हा आत आल्या आणि पिवळ्या अक्षरांसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या, की नणंदेला वाटलं, अक्षर सुबक नाही म्हणून त्यांना बोलवत नसावं.

४

यंत्र बसवणाऱ्या ठेकेदाराला गल्ली 'खांबवाला' म्हणे. हरकत घेणाऱ्याला यंत्र तपासून मागता येतं, असं नियमात होतं. वहिनींनी ते मागितलं. बुधवारी सकाळी खांबवाला आला, नाराजीने.

"काही झालेलं नाही त्याला, बाई. यंत्र बंद पडून दिवसभर शून्य आलं, की माझा फोन वाजतो. पालिकेतही लाल दिवा लागतो. उघड्या गल्लीत शून्य आलंय का कधी? नाही ना. मग चालू आहे."

"शिडी?"

"इथलीच घेतो. आम्ही शिड्या घेऊन कुठे फिरणार?"

नणंदेची शिडी गल्लीच्या भिंतीला दोन आकड्यांवर टांगलेली असायची. ज्याला लागेल तो न्यायचा. खांबवाला चढला. डबीला बारकं कुलूप होतं. किल्ली फिरली तसा तो स्वतःशीच पुटपुटला, "अरे वा. लोणी झालंय की."

"पूर्वी असं फिरत नव्हतं?" खालून वहिनींनी विचारलं.

"छे, पहिल्या दिवसापासून अडायचं. जुनी किल्ली माझ्याकडून हरवली. साहेबांनी नवी करवून आणली, ती बरी दिसतेय."

त्याने झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. मग हात आत घालून काहीतरी उचकटलं आणि खाली दिलं. काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा. यंत्राच्या डोळ्यावर तो चिकटवलेला होता. फक्त एका कडेला, नणंदेच्या दुकानाच्या बाजूला, बोटभर फट सोडलेली.

म्हणजे इतके दिवस यंत्राला दिसत होती ती फक्त भिंतीलगत चालत नणंदेच्या दुकानी येणारी माणसं. बाकी गल्ली त्याच्या लेखी अंधारात होती.

"घ्या," नणंद म्हणाली. "अख्ख्या गल्लीत जिवंत मी एकटीच."

खांबवाला उतरला. त्याच्या बोटांच्या टोकांना करडं काहीतरी लागलं होतं. वहिनींनी त्याचं बोट आपल्या पांढऱ्या रुमालावर टेकवून ओढलं. रुमालावर पेन्सिलीने ओढावी तशी रेघ उठली.

कुणीतरी फोन केला असावा, कारण वाढसाहेब लगेच हजर झाला. बरोबर पालिकेचा एक शिपाई. पुठ्ठा बघून त्याने मान हलवली, दुःख झाल्यासारखी.

"मला हीच शंका होती. गल्लीतल्याच कुणीतरी सरकारी यंत्राला हात लावलाय. शिडी कुणाची? आणि फट बघा कुणाच्या दुकानासमोर सोडलीये. योजनेत दुकानांना क्रम लागतो, वर्दळीप्रमाणे. शेजारच्यांचं झाकायचं, आपलं तेवढं उघडं ठेवायचं. हुशारी आहे."

नणंदेने मागे वळून पाहिलं. गल्लीतली माणसं तिच्याकडे बघत होती. वर्षानुवर्षं शेजारी बसलेली माणसं, आणि त्यांच्या डोळ्यांत थोडीशी, अगदी थोडीशी शंका.

"दुकानाला सील लावा," वाढसाहेब शिपायाला म्हणाला. "उद्याच्या सुनावणीत बाईंनी खुलासा द्यावा."

आत एका शाळेच्या शिपिणबाईंचं मशीन उघडून ठेवलेलं होतं. पगार पुरायचा नाही, तिचं पोट त्यावर चालायचं. ते काढून घ्यायलाही वेळ दिला नाही. शटर ओढलं, लाख लागली.

नणंद रडली नाही. ती फक्त म्हणाली, "त्या बाईला आज देते म्हटलं होतं मी."

वहिनींना राग क्वचित यायचा. आला की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. "वन्सं, चला," त्या पुटपुटल्या. "मला किल्लीकाकांशी बोलायचंय."

५

किल्लीकाका दुकानाच्या मागच्या खोलीत, दिवा न लावता बसले होते. वहिनींनी रुमाल त्यांच्यापुढे पसरला.

"घड्याळवाले तेल वापरतात, सुईच्या टोकावर मावेल इतकं. वन्सं मशीनचं तेल वापरतात. खांबवाल्याने तर काहीच घातलं नव्हतं, म्हणून कुलूप अडायचं. पूड या गल्लीत एकच माणूस घालतो."

किल्लीकाकांनी रुमालावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला ती घालायची नव्हती," वहिनी म्हणाल्या. "डबी उघडायची, बंद करायची, एवढंच काम होतं. पण कुलूप अडलं, आणि अडलेलं कुलूप तुमच्याच्याने तसं सोडवेना. हात आपोआप गेला."

नणंद उंबऱ्यात उभी होती. "काका," ती म्हणाली, "माझ्या शिडीवर चढलात?"

त्या एका वाक्याने म्हातारा मोडला.

"तो म्हणाला चाचणी आहे," किल्लीकाका म्हणाले. "किल्ली हरवलीये, नवी बनवून द्या, सुट्टीच्या दिवशी या, कुलपाचं माप घ्यायचंय. मी माप घेतलं, किल्ली घासली, उघडून दिलं. मग तो स्वतः चढला. आत काय केलं ते मी पाहिलं नाही. उतरला, मला म्हणाला, कुलूप लावा. मी लावलं."

"आणि आकडे पडले तेव्हा?" वहिनींनी विचारलं.

"तेव्हा कळलं."

"इतके दिवस गप्प बसलात."

"महादुकानाच्या दाराशी मला टपरी देणार होता. म्हणाला, गल्ली जाणारच आहे, काका, तुम्ही तरी वाचा." त्यांनी वर पाहिलं. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं गं."

"माझ्यावर आलं नसतं तर चाललं असतं?" नणंदेचा आवाज चढला नाही, पण खोलीतल्या टांगलेल्या किल्ल्यांसारखा कडक झाला. "ही पोरं, हे घड्याळवाले, तो छत्रीवाला, सगळे रस्त्यावर आले असते तर चाललं असतं तुम्हाला? अध्यक्ष आहात तुम्ही आमचे."

किल्लीकाकांनी हात जोडायला घेतले. तिने ते जोडू दिले नाहीत. "माझ्यापुढे नको. उद्या सगळ्यांपुढे बोला, मग बघू."

"त्याने नाही म्हटलं तर?" किल्लीकाका म्हणाले. "तो म्हणेल, म्हातारा टपरी हुकली म्हणून कुभांड रचतोय. माझ्याकडे पुरावा काय?"

वहिनींनी रुमालाची घडी घातली. "तुम्ही फक्त खरं सांगा. उरलेलं तो स्वतःच मला सांगून बसलाय."

६

सुनावणीला सभागृह भरलं होतं. दुरुस्ती गल्ली कामं टाकून आली होती. वरच्या मंचावर समितीच्या अध्यक्षबाई, खाली कारकून, बाजूला पडद्याशी वाढसाहेब. त्याने तोच आलेख लावला आणि तेच गोड बोलला. मग शेवटी, फार जड अंतःकरणाने, पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली.

अध्यक्षबाईंनी नणंदेकडे पाहिलं. उठल्या मात्र वहिनी.

"मी त्यांची भावजय. माझं थोडकं म्हणणं आहे." त्यांनी पुठ्ठा वर धरला. "याची कड बघा. बोथट कात्रीने कुरतडल्यासारखी कापलीये. दुरुस्ती गल्लीत कुणी असं कापत नाही. घड्याळवाल्यांचे हात कापतात, तरी त्यांची रेघ सरळ येते. कुलूप मात्र गल्लीतल्या हाताने उघडलंय, त्यात शिशाची पूड आहे. म्हणजे हात दोन. आता तो सोमवार पडद्यावर आणा. आत दोन, बाहेर कोणी नाही. दोघं आत आले तेव्हा यंत्राला दिसत होतं. जाताना दिसत नव्हतं, कारण मधल्या वेळात त्यांनीच त्याचे डोळे बांधले होते."

किल्लीकाका उभे राहिले. त्यांनी खाली मान घालून, पण एकही शब्द न गाळता, सगळं सांगितलं. गल्ली नुसती ऐकत राहिली. घड्याळवाल्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि खिशात ठेवलं.

"हा सूड आहे," वाढसाहेब म्हणाला. "दुसरा माणूस खांबवाला का नाही? यंत्राचं त्यालाच कळतं."

"खांबवाल्याला किल्लीकाकांची गरज नव्हती," वहिनी म्हणाल्या. "किल्ली हरवलीये म्हणून तो दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत कुलूप तोडू शकला असता. बरं, फट का सोडली? वन्संच्या फायद्यासाठी म्हणता. पण गल्लीच मृत ठरली तर क्रम कसला आणि फायदा कसला? फट सोडली ती शून्य येऊ नये म्हणून. चालू दिवशी शून्य आलं की लाल दिवा लागतो आणि खांबवाला डबी उघडतो. हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक दोघांना. खांबवाला, आणि ज्यांच्या टेबलावर तो दिवा आहे ते."

"हा तर्क झाला. मी त्या गल्लीत पाऊल ठेवलेलं नाही."

"तेच तुम्ही मला मंगळवारी म्हणालात. आणि उठता उठता वन्संच्या शटरवरच्या अक्षरांची थट्टा केलीत."

"यंत्राची जागा ठरवायला पाहणी झाली, तिच्या फोटोत असेल."

"पाहणी यंत्राच्या आधी झाली. अक्षरं यंत्राच्या नंतरची आहेत." वहिनींचा आवाज आता इतका खाली गेला होता, की मागच्या रांगा पुढे झुकल्या. "ती रस्त्यावरून दिसत नाहीत. दुकान उघडं असताना दिसत नाहीत. ती वाचायला शटर खाली असताना गल्लीच्या आत उभं राहावं लागतं. तुम्ही शिडीवर होतात, साहेब. अक्षरं तुमच्या समोर होती."

वाढसाहेबाने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग तो अध्यक्षबाईंकडे वळला, आणि आता त्याच्या आवाजात गोडवा उरला नव्हता.

"मॅडम, वार्षिक अहवालात वाढ दाखवायची असते. शंभर बारकी दुकानं किती वाढली ते कोण मोजत बसणार? महादुकान एका ओळीत लिहून होतं. त्यांना वाहनतळ हवा होता. मी शहरासाठीच केलं."

सभागृहात आवाज उठला. अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला, कारकुनाशी कुजबुजल्या, शेजारच्या सदस्यांशी कुजबुजल्या, आणि थोड्या वेळाने चेहरा मऊ करून नणंदेला म्हणाल्या:

"बाई, तुमचं सील आत्ता काढतो. गल्लीची सूचना मागे घेतो. मोजणी पुन्हा होईल, योजनेत तुम्ही राहाल. साहेबांचं आम्ही आतल्या आत बघू. नोंदीत आपण 'तांत्रिक बिघाड' असं घालू. उगाच शहराची बदनामी नको, नवे उद्योग यायचेत. चालेल ना?"

वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. पण दुकान नणंदेचं होतं. हो म्हटलं की दुपारपर्यंत शटर वर गेलं असतं, शिपिणबाईंचं मशीन संध्याकाळी घरी पोचलं असतं. नाही म्हटलं तर हीच माणसं पुन्हा मोजणार होती, आणि लाखही त्यांचीच होती.

नणंद उठली.

"बिघाड मला कळतो, मॅडम. रोज तोच काढते. दात झिजतो, पट्टा सैल होतो, कुणाचाच दोष नसतो. हा बिघाड नाही. हे केलंय. जे झालं तेच लिहा, नाहीतर सील राहू द्या. मी बाहेर रस्त्यावर बसून मशीनं उघडीन."

"अहो, पण तुमचं काम तर झालं."

"माझं झालं," नणंद म्हणाली. "आमच्या आधी तुम्ही वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरांची गल्ली मेली म्हणून सांगितलं होतंत. आम्हाला खरं वाटलं होतं. यंत्राने सांगितलं म्हटल्यावर आम्ही हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. तिचे आकडे लावा पडद्यावर."

कुणी हललं नाही. वाढसाहेब तर मुळीच नाही. शेवटी कारकुनानेच खुर्ची सरकवली, पडद्यापाशी गेला आणि शोधून आकडे लावले.

भरदार टेकडी. मग कडा. वहिनी पुढे झाल्या आणि कड्याच्या आदल्या दिवसावर त्यांनी बोट ठेवलं. बाइंडरांचा सुट्टीचा दिवस. आत एक. बाहेरचा रकाना रिकामा.

मागच्या रांगा उठून पडद्याकडे बघू लागल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "ती गल्ली तर पाडली," त्या म्हणाल्या, कुणाला असं नाही. "तिथे गाड्या लागतात आता."

"गल्ली पाडलीत," नणंद म्हणाली. "माणसं आहेत. एक जण माझ्या घराजवळ दुसऱ्याच्या दुकानात पिशव्या चिकटवतो. आमची हरकत ऐकून झाली ना? आता त्यांची घ्या."

अध्यक्षबाई अर्धवट उठल्या होत्या. त्या पुन्हा बसल्या.